काकासाहेब कालेलकर : पायी फिरून बघायला शिकवणारे गुरुजी



दरवर्षी पाऊस ओसरला की आमच्या शाळेची क्षेत्रभेट ठरते. मागच्या वेळी मी चौथीच्या मुलांना घेऊन वेंगुर्ले बंदरावरच्या दीपगृहाच्या डोंगरावर जायचं ठरवलं. खर्च नाही, गाडी नाही, चालत जायचं आणि चालत यायचं. चिठ्ठी घरी गेली आणि संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. बोलणं अगदी सभ्य होतं, पण त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या डोंगरावर बघण्यासारखं काय आहे? समुद्र तर पोर रोज बघते. त्यापेक्षा त्या दिवशी गणिताचा एक घटक पुढे सरकला असता.

मी काहीतरी उत्तर दिलं. क्षेत्रभेट अभ्यासक्रमातच आहे, दिशा शिकवायच्या आहेत, वगैरे. पण फोन ठेवल्यावर माझं मलाच ते पटलं नाही. त्या महिन्यात मी काकासाहेब कालेलकरांविषयी वाचत होते. हाच प्रश्न त्यांना त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने घातला होता असं पुढे वाचनात आलं आणि मी चकित झाले. तो प्रसंग पुढे येईलच. आधी माणसाची ओळख करून घेऊ.

आपल्याकडे काकासाहेबांचं नाव फार घेतलं जात नाही, आणि ते थोडं खटकतं, कारण ते मूळचे आपल्याच भागातले. सावंतवाडीजवळचं कालेली हे त्यांचं मूळ गाव, त्यावरून कालेलकर. त्यांचं पूर्ण नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. जन्म 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात झाला. ते घरातलं शेंडेफळ, सगळे दत्तू म्हणायचे. वडील सरकारी हिशेबाच्या कामावर असल्यामुळे बिऱ्हाड सतत हलायचं. सातारा, कारवार, बेळगाव असं करत या मुलाचं बालपण गेलं.

बदलीच्या नोकरीत मुलांची शाळा मोडते, ओळखी तुटतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात हे दुखणं आहे. दत्तूचंही शिक्षण असंच तुकड्यातुकड्यांनी झालं. पण प्रत्येक ठिकाणी त्याला एक नदी किंवा एक डोंगर मिळाला. साताऱ्याला डोक्यावर अजिंक्यतारा आणि जवळच माहुलीला कृष्णा. कारवारला समुद्र. कारवारच्या किनाऱ्यासमोर देवगड नावाचं बेट आहे आणि त्यावर दीपगृह आहे. (आपलं सिंधुदुर्गातलं देवगड वेगळं, मुलांना सांगताना गोंधळ नको.) बेळगावजवळ बेळगुंदीला मार्कंडी नदी. ही काही मोठी नदी नव्हे, नकाशात शोधावी लागते. पण पुढे गंगा, यमुना, गोदावरीवर लिहिणाऱ्या या माणसाने त्या लहानशा मार्कंडीला सखी म्हणून तिच्यावर वेगळा लेख लिहिला. मला त्यांच्यातली ही गोष्ट फार आवडते. आधी घराजवळची नदी, मग गंगा.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1907 साली ते बी.ए. झाले. विषय तत्त्वज्ञान. काळ लोकमान्य टिळकांचा, त्यामुळे देशकार्याचं वारं लागलेलं होतंच. वकिलीचा अभ्यास सुरू केला आणि सोडला. राष्ट्रमत नावाच्या मराठी दैनिकात काम केलं. मग 1910 च्या सुमारास बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक झाले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चाललेली ही राष्ट्रीय शाळा होती. तिथली एक पद्धत आपण शिक्षकांनी ऐकण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना सर किंवा मास्तर म्हणायचं नाही, घरातल्या नात्याने हाक मारायची. त्यामुळे कोणी मामा झाले, कोणी अण्णा झाले आणि कालेलकर झाले काका. म्हणजे आज आपण ज्याला मोठेपणाचं बिरुद समजतो ते काकासाहेब हे नाव एका शाळेच्या वर्गातून आलेलं आहे.

ती शाळा इंग्रज सरकारच्या डोळ्यांवर आली आणि बंद पडली. काकांचं वय तेव्हा सव्वीस. हातात काम नाही, ज्या विचाराने शाळा चालवली तो विचार संशयाच्या खाली, पुढे काय करायचं ते ठरत नाही. अशा वेळी 1912 मध्ये ते हिमालयात निघाले. घरी तरुण पत्नी होती, संसार होता, तो मागे ठेवून निघाले. एक स्त्री म्हणून, आई म्हणून, मला हे वाचताना दर वेळी अडखळायला होतं. घरी राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार प्रवासवर्णन वाचणाऱ्याने करायला हवा असं वाटतं. काकांचा हेतू तेव्हा सहलीचा नव्हता. साधना करावी, जमलं तर तिकडेच राहावं, असं मनात होतं.

बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर होते. आजच्यासारखे रस्ते त्या वेळी नव्हते. हृषीकेशच्या पुढे सगळा पायी मामला. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ ही चारही धामं त्यांनी पायी केली. पुढे नेपाळपर्यंत गेले. वाटेत यात्रेकरूंसाठी चट्ट्या असायच्या, म्हणजे पडवीवजा मुक्कामाच्या जागा, तिथे रात्र काढायची आणि पहाटे पुन्हा चालायला लागायचं. पायी चालणाऱ्याला डोंगर हळूहळू दिसतो. एका वळणावर नदी डाव्या हाताला, दुसऱ्या वळणावर उजव्या. सकाळी जे शिखर समोर होतं ते दुपारी पाठीशी. आपण घाटातून गाडीने जातो तेव्हा आंबोली हे एकच ठिकाण असतं. चालत जाणाऱ्याला त्यात पन्नास ठिकाणं सापडतात.

तर हिमालयात राहायला गेलेला माणूस परत आला. देशाची सेवा लोकांत राहूनच करायची असा त्यांचा निश्चय झाला. 1914 मध्ये ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकवायला गेले. तिथेच 1915 च्या सुरुवातीला त्यांना गांधीजी भेटले, आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली. साबरमतीच्या आश्रमशाळेत ते शिक्षक झाले.

आता आपल्या कामाची गोष्ट. हिमालयाच्या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक आजही वाचलं जातं. पण ते त्यांनी परत आल्यावर लगेच लिहिलं नाही आणि पुस्तक म्हणूनही लिहायला घेतलं नाही. बरीच वर्षं मध्ये गेली. आश्रमातली मुलं हाताने लिहून एक मासिक काढायची, त्या हस्तलिखितासाठी काकांनी आठवून आठवून ते लेख लिहिले. आणि लिहिले गुजरातीत, म्हणजे मोठेपणी शिकलेल्या भाषेत! वर्गातल्या मुलांना समजावं म्हणून साध्या भाषेत लिहिलं आणि ते गुजराती साहित्यातलं नावाजलेलं प्रवासवर्णन ठरलं. गांधीजींनी तर त्यांना सवाई गुजराती ही पदवीच देऊन टाकली. शाळेचं हस्तलिखित आपण 15 ऑगस्टला टेबलावर मांडतो आणि नंतर कपाटात ठेवतो. पुढच्या वेळी मुलांबरोबर आपणही त्यात एक लेख लिहायला काय हरकत आहे?

1923 साली काका तुरुंगात गेले. गांधीजी तेव्हा येरवड्याला कैदेत होते, त्यांच्या साप्ताहिकाची जबाबदारी काकांवर होती आणि त्यातल्या लिखाणावरून त्यांना शिक्षा झाली. जागा साबरमतीचाच तुरुंग. हिमालयाची शिखरं पाहिलेला माणूस चार भिंतींत! तिथल्या दिवसांवर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ उत्तरेकडच्या भिंती असा आहे. तुरुंगातल्या पुस्तकात आपल्याला काय अपेक्षित असतं? छळ, उपास, अधिकाऱ्यांशी भांडण. यात आहेत मुंग्या, खारी, पाखरं, झाडं आणि भिंतीच्या वर दिसणारं आभाळाचं तुकडं. मुंग्या कुठून निघाल्या, कुठे गेल्या, हे एखाद्या प्रवाशाने गावोगावची नोंद ठेवावी तसं त्यांनी टिपलं. डोंगरावर नेलं तरच मुलांना बघायला शिकवता येतं हा माझा समज या पुस्तकाने मोडला. शाळेच्या परड्यात एक वारूळ असेल तरी सुरुवात करता येते.

मधल्या काळात त्यांना क्षयाने गाठलं. त्या काळी क्षय म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तरी ते उभे राहिले आणि फिरायला लागले.

आणि आता तो प्रसंग.

1927 साली गांधीजी आजारातून उठून कर्नाटकात दौरा करत होते. काका बरोबर होते. मुक्काम फिरत फिरत शिमोग्याकडच्या सागर गावी आला. तिथून गिरसप्पाचा धबधबा, म्हणजे जोग, अगदी जवळ. शरावती नदी तिथे चार धारांनी कोसळते, त्यातली राजा नावाची सर्वांत उंच धार 253 मीटरांची आहे. दीपगृहाचा आपला डोंगर मुलांना उंच वाटतो, असे कितीतरी डोंगर एकावर एक ठेवावे लागतील. त्यातून दिवस पावसाळ्याचे, धबधबा भरलेला. काकांचा जीव वरखाली होऊ लागला. त्यांनी गांधीजींना गळ घातली की एवढं जवळ आलोच आहोत तर चला.

गांधीजी म्हणाले, मला जमायचं नाही, कामं आहेत. काकांनी पाणी किती उंचावरून पडतं ते सांगून पाहिलं. त्यावर गांधीजींनी विचारलं की पावसाचं पाणी आभाळातून किती उंचावरून पडतं? काका निरुत्तर झाले. मग त्यांनी निदान महादेवभाई देसाईंना तरी पाठवा म्हणून विनवलं, कारण महादेवभाई म्हणजे रसिक माणूस. तर गांधीजींनी सांगितलं की महादेव येणार नाही, त्याचा गिरसप्पा मीच आहे. आणि महादेवभाई खरोखरच गेले नाहीत.

हा प्रसंग काकांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला, स्वतःची फजिती न लपवता. गांधीभक्त माणूस इथे काय करेल? मला वाटलं होतं काकाही थांबले असतील, लाज वाटून. तसं झालं नाही. काका गेले! बरोबरच्या काही मंडळींना घेऊन जोग बघून आले. गुरूने चेष्टा केली तरी गेले, आणि परत येऊन त्याच गुरूच्या कामाला लागले. त्यांनी जोगवर लिहिलंही भरभरून. पुढे पुन्हा जाऊन आले. एकदा तर धबधबा कोरडा असताना गेले आणि त्या सुक्या कड्यावरही लेख लिहिला. भरलेला धबधबा कोणीही बघेल, पण पाणी नसताना दगड बघायला जाणारा माणूस विरळा.

दोघांपैकी बरोबर कोण? मी यावर पुष्कळ विचार केला. ज्याच्या डोक्यावर देशाचं काम आहे त्याने एक दिवस नाकारला, हे मला समजतं. फोन करणाऱ्या त्या पालकांचंही मला त्यामुळे थोडं समजलं. ते मजुरीला जातात, त्यांच्या दृष्टीने पोराचा शाळेतला दिवस हा मोलाचा दिवस आहे, तो डोंगरावर का घालवायचा? पण काकांचंही पटतं. ज्या देशासाठी आपण तुरुंगात जातो तो देश डोळ्यांनी पाहिलेला असावा. काकांसाठी नद्या, डोंगर बघणं ही देशाचीच ओळख होती, म्हणून तर त्यांनी नद्यांवरच्या लेखांच्या पुस्तकाला लोकमाता असं नाव दिलं. एक गंमत सांगते. जोगच्या पाण्यावर 1948 साली वीज तयार होऊ लागली, आणि त्या वीज प्रकल्पाला पुढे महात्मा गांधींचंच नाव देण्यात आलं. जो धबधबा त्यांनी पाहिला नाही, त्याच्याशी त्यांचं नाव कायमचं बांधलं गेलं.

काकांनी हट्ट मात्र सोडला नाही. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींचे सोबती होते. तिथे डोंगर नाही, नदी नाही, म्हणून त्यांनी आभाळ पुढे केलं. काकांना ताऱ्यांचा नाद होता. त्यांनी गांधीजींना तारे दाखवायचा प्रयत्न चालू ठेवला. तेव्हा फारसं जमलं नाही. पण पुढे 1932 च्या कैदेत गांधीजींना खगोलाची इतकी गोडी लागली की ते पुस्तकं मागवून, दुर्बीण मिळवून तारे बघू लागले. शिक्षकाला हे ओळखीचं वाटेल. आपण शिकवतो तेव्हा विद्यार्थी जांभया देतो आणि दोन वर्षांनी तेच स्वतःहून उघडून बसतो.

1932 साली काका स्वतः बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात होते. म्हणजे ज्या मुलखात लहानपणी मार्कंडी भेटली त्याच मुलखात कैदी म्हणून. त्या दिवसांची आठवण ठेवणारं त्यांचं मराठी पुस्तक आहे, हिंडलग्याचा प्रसाद. बालपणीच्या आठवणींचं स्मरणयात्रा हे पुस्तकही वाचा, मुलांना वाचून दाखवण्याजोगं आहे.

बाकीचं आयुष्य मी भरभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. गुजरात विद्यापीठाची धुरा, मग हिंदुस्तानीच्या प्रचाराचं काम. लिपीसुधारणेचा एक प्रयोगही त्यांनी लावून धरला. अ ला वेलांटी, उकार देऊन अि, अु असं लिहायचं, म्हणजे मुलांना इ, ई, उ, ऊ ही वेगळी चिन्हं शिकावी लागणार नाहीत. पहिलीला शिकवणाऱ्या माणसाला ही कल्पना मोहात पाडते, खोटं कशाला बोलू? पण अिमारत, अुंदीर असं लिहायला लोक तयार झाले नाहीत आणि ते मागे पडलं. 1952 ते 1964 ते राज्यसभेत होते. 1953 साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाने 2,399 जातींची यादी केली, 1955 मध्ये अहवाल दिला, आणि अध्यक्षांनीच सोबतच्या पत्रात जात हा निकष लावण्याविषयी आपली असहमती कळवली. अहवाल स्वीकारला गेला नाही. त्या पत्राबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि आजही होते. ज्यांच्या घरात पहिली पिढी शाळेत येते अशी मुलं शिकवताना मलाही वाटतं की त्या अहवालाची वाट बघणाऱ्यांना आणखी कितीतरी वर्षं थांबावं लागलं. मोठ्या माणसाचं चरित्र मुलांना सांगताना ही बाजू गाळू नये.

फिरणं मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. 1950 च्या सुमारास ते पूर्व आफ्रिकेत गेले आणि जिंजा इथे जाऊन, मोठ्या सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते ती जागा बघितली. गंगोत्री, यमुनोत्री पाहिलेल्या या माणसाने त्या जागेला नीलोत्री म्हटलं. एका शब्दात त्यांनी आफ्रिकेतली नदी आपल्या ओळखीची करून टाकली! जपानलाही जाऊन आले. 1964 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 1965 मध्ये गुजराती पुस्तकासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार. 21 ऑगस्ट 1981 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची शहाण्णव वर्षं पूर्ण व्हायला फक्त काही महिने उरले होते. म्हणजे पंच्याण्णव वर्षांचं आयुष्य. सव्विसाव्या वर्षी हिमालयात कायमचं राहायला निघालेला माणूस एवढं जगला आणि एवढं फिरला.

आमची क्षेत्रभेट झाली. फोन करणाऱ्या पालकांनी मुलीला पाठवलं, डब्यात दोन घावणे जास्त घालून. दीपगृहाच्या डोंगरावर गेल्यावर मी मुलांना पंधरा मिनिटं काहीच सांगितलं नाही, फक्त बसा आणि बघा म्हटलं. सुरुवातीला ढकलाढकली झाली. मग एकेक जण गप्प होत गेला. खाली बंदर, होड्या, समुद्रात लांब काळे ठिपके दिसावेत तसे वेंगुर्ला रॉक्स. पाकोळ्या तिथल्या गुहांमध्ये घरटी करतात हे एका मच्छीमाराच्या मुलाने सगळ्यांना सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. मागे वळल्यावर माडांच्या वर सह्याद्रीची निळी रेघ. तो डोंगर ओलांडला की आंबोली आणि पलीकडे बेळगाव, आणि एके काळी बेळगावचा माल याच वाटेने आपल्या बंदरात यायचा, एवढंच मी सांगितलं.

रोज समुद्र बघणाऱ्या त्या मुलीने मला विचारलं की आपलं घर वरून कुठे आहे. तिला शोधून शोधून ते सापडलं, एका माडाच्या आडोशाला, लाल कौलांचं. मग तिने शाळा शोधली, मग बाजार, मग मामाचा गाव कुठल्या दिशेला ते. ती दिशा ईशान्येची निघाली. मी म्हटलं, त्याच बाजूला कालेली आहे. कालेली म्हणजे काय, असं सगळ्यांनी विचारलं. खाली उतरताना वाटेत मी त्यांना दत्तूची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि बंदराच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही जेमतेम कारवारपर्यंत पोचलो होतो.